तोरणमाळ: दिवा लागतो, नळ मुका

आधी निकाल सांगतो, मग नंदुरबारच्या सातपुड्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणाचा प्रवास. गाडीत अर्धीच वीज गेली असेल तर बॅटरी बदलू नका. मी बदलली. जुनी मोडीत देऊन वर १३,८०० रुपये मोजले आणि प्रकाशा हे गाव यायच्या आत पुन्हा तेच रडगाणं.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागे पलंग, ओटा, १२ व्होल्टचा पाण्याचा पंप, छोटा फ्रिज, टपावर २०० वॅटचं सोलर, बाकाखाली १५० ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. वायरिंग करून देणारा म्हणाला होता, "काका, पाच वर्षं बघायला नको." अकरा महिने झाले होते.

धुळे, दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीवरचा पूल, शहादा. पपईच्या बागा, ऊस, बरा रस्ता. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. म्हसावद आणि राणीपूर मागे पडलं की सातपायरी घाट लागतो आणि तिथे सगळं बदलतं. वळणांचं मला काही वाटत नाही, गाडी हाताखालची आहे. पण जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा मधला पट्टा असा उखडलेला होता की कपाटातले डबे सुटून बायकोच्या पायावर आले. घाटात गाडी फक्त चढत नाही, तिचा एकेक नट सैल होत असतो. हे मला तेव्हा कळलं नाही.

वर पोचलो ते दिवेलागणीला. यशवंत तलाव, गार वारा, आणि नळ उघडला तर पाणी नाही. "अहो, दिवा लागतोय, पंखा फिरतोय, मग पंप का नाही?" फ्रिजही बंद, मोबाईलचं चार्जिंगही बंद. फ्यूज काढून पाहिले, एकही जळलेला नाही. बायको तेव्हाच म्हणाली, "बंद पडलंय ते सगळं ओट्याच्या बाजूचं आहे." लाखमोलाचं वाक्य होतं, मी ऐकलं नाही. मीटर लावला, बॅटरी १२.१ दाखवत होती, आणि मी ठरवून टाकलं की बॅटरीच गेली.

मुक्कामाच्या जागेवाल्याने प्लग द्यायचे ४०० रुपये घेतले. एका रात्रीचे! तिथे व्होल्टेज १७० च्या आसपास, आमचा चार्जर सुरूच झाला नाही. त्याचं म्हणणं, "एक फेज गेलीय साहेब, म्हणून तुमचं अर्धं बंद." घरात तीन फेज असतील तर अर्धं घर अंधारात जातं हे खरं, पण गाडीतल्या बॅटरीला कसली आली फेज? थंडीत कुडकुडत मी हेही अर्धंमुर्धं पटवून घेतलं होतं. बाटलीतल्या पाण्यावर रात्र काढली.

सकाळी पॉइंट न बघताच उतरलो. शहाद्यात एका दुकानात मीटर लावून निकाल मिळाला, "तुमनी बॅटरी गई भाऊ." दिवे-पंखा चालून आणि सोलर झाडाखाली राहून १२.१ दिसत असेल, तर बॅटरी अर्धी रिकामी आहे, मेलेली नाही. भरलेली, काही वेळ शांत ठेवलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते. आणि मेलेली बॅटरी सगळंच मंद करते, निवडून ओट्याची बाजू बंद करत नाही. नवी बसवली, पंप घरघरला, मी खूश. पण तो चालला तो बॅटरी ओढताना वायरींचा जुडगा हलला म्हणून.

प्रकाशाला पोचायच्या आधी पंप पुन्हा गप्प. रस्त्याकडेला ट्रॅक्टरची कामं करणारा एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसला होता. त्याच्याकडे मीटर नव्हता. दोन वायरी जोडलेला हेडलाइटचा बल्ब होता. पंपाच्या लाल-काळ्या वायरींना लावला, पेटला नाही. लाल तशीच ठेवून काळ्याचा चिमटा गाडीच्या पत्र्याला लावला (पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो), बल्ब लख्ख. "पॉझिटिव्ह येतोय. निगेटिव्ह तुटलाय." दोन मिनिटं.

अशा दोषात नुसता मीटर का फसवतो? सैल जोडणीतून मीटरला लागतो तेवढा चिमूटभर करंट जातोच, म्हणून पंप सुटा असला की वायरीच्या टोकाला १२ पूर्ण दिसतात. भार पडला की कोसळतं. ५५ वॅटचा बल्ब साडेचार ॲम्पिअर ओढतो, त्याच्यापुढे खोटं टिकत नाही. मीटरच वापरणार असाल तर पंप चालू स्थितीत ठेवून मोजा, आणि फ्यूजच्याही दोन्ही टोकांना मोजा. नुसता फ्यूज डोळ्यांनी बघून काही कळत नाही.

दोष पायरीखाली निघाला. ओट्याच्या सगळ्या काळ्या वायरी एकाच बोल्टने पत्र्याला जोडलेल्या, तोही पत्र्याचा रंग न खरवडता वरूनच आवळलेला. दिवे-पंख्याचा निगेटिव्ह थेट बॅटरीला, म्हणून ते चालू. त्याने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, वायरीच्या टोकाचं काळं पडलेलं कडं (रिंग थिंबल) बदललं, दातेरी वॉशर घालून आवळलं. १५० रुपये. मी २०० दिले तर ५० परत केले. शहाद्यातल्या दुकानापासून तो फार लांब नव्हता, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

तेव्हा तोरणमाळला जाणाऱ्यांनी एवढं करा. राणीपूरला, घाटाच्या आधी, बाकाखालचा आणि पायरीखालचा एकेक बोल्ट पान्याने बघा. उतरल्यावर पुन्हा बघा. शक्य असेल तर पत्र्यावर भिस्त न ठेवता ओट्याचा निगेटिव्ह जाड वायरीने थेट बॅटरीला न्या, मी घरी आल्यावर तेच केलं. हेडलाइटचा जुना बल्ब आणि दोन चिमटे डिकीत टाका. आणि काही बंद पडलं तर आधी एकाच जागी बसून यादी करा: काय चालू, काय बंद, बंद असलेल्यांचं समाईक काय. घरातलं कुणी ती यादी आधीच तोंडी सांगत असेल तर ऐका.

प्रकाशा सुंदर आहे, गोमाई-तापीचा संगम, देवळं, निवांत मुक्काम. फोटो आहेत, वर्णन राहू द्या.

माझी जुनी बॅटरी एव्हाना शहाद्यात कुणाच्या तरी इन्व्हर्टरला लागली असेल आणि उत्तम चालत असेल.