तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या उजेडावरून कण कसे मोजतात?

देवबागच्या वाळूत दुर्बीण लावली की शनीची कडी बघून झाल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, "सर, मूलकणांसाठी जमिनीखाली एवढी मोठी यंत्रं बांधतात ना? मग आकाशातल्या जुन्या प्रारणावरून कणांबद्दल कसं काय कळतं?" मी उभ्या उभ्या दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. म्हणून आज सविस्तर.

हा प्रश्न सगळ्यात नेमका विचारला तो शेजारच्या आबांनी. त्यांचा जन्म रापण ओढण्यात गेला. न्यूट्रिनोच्या, म्हणजे कशालाही सहसा न अडखळता आरपार जाणाऱ्या अतिहलक्या मूलकणांच्या, तीन जाती आहेत, असं मी मुलांना सांगत होतो ते ऐकून म्हणाले, "मास्तरानू, आमी रापण ओढतंव, मासळी डोळ्यांनी बगतंव, मगे मोजतंव. तुमी तर पाण्यात उतराकसुद्धा नाय. जां दिसणां नाय, तां मोजतास कसां?"

आधी तो उजेड. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं सगळीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि उजेड यांचा तापलेला रस्सा होता. उजेड इलेक्ट्रॉनांवर आदळत राहायचा, त्याला सुटायला वाट नव्हती. मग विश्व निवलं, अणू बनले, उजेड मोकळा झाला. १३८० कोटी वर्षांच्या प्रवासात ताणला जाऊन त्याच्या सूक्ष्मलहरी झाल्या. तापमान आता उणे २७० अंश सेल्सिअस. करवंदाएवढ्या जागेत या उजेडाचे ४०० हून जास्त कण आत्ताही आहेत. पेन्झियस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या अँटेनात काही केल्या न जाणारी खरखर होती, ती याचीच, हे १९६५ मध्ये स्पष्ट झालं. जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या ना, त्यांतलाही साधारण शंभरातला एक वाटा याचा.

आता खरी गंमत. त्या रश्शात लाटा होत्या. गुरुत्वाकर्षण ओढायचं, उजेडाचा दाब उलट ढकलायचा, आणि या ओढाताणीतून ध्वनिलाटा निघायच्या. त्यांचा वेग प्रकाशाच्या ५८ टक्क्यांच्या आसपास. उजेड सुटला त्या क्षणी त्या लाटा जशा होत्या तशाच त्याच्यावर उमटल्या. तापमानातला फरक लाखात एका भागाएवढा, पण मोजता येतो. युरोपच्या प्लँक या २००९ मध्ये सोडलेल्या यानाने तो फार बारकाईने मोजला.

न्यूट्रिनो मात्र त्या रश्शात अडकलेच नव्हते. पहिल्या सेकंदाच्या आसपासच ते बाकीच्यांपासून सुटले आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघाले, म्हणजे लाटेच्याही पुढे. जाता जाता त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने लाटेला किंचित आपल्या बाजूला ओढलं. लाटेचे उंचवटे जिथे यायला हवे होते तिथून जरासे सरकले. हे सरकणं २०१५ मध्ये प्लँकच्या मोजणीत सापडलं. मी ते वाचलं त्या रात्री झोपलो नाही. कधीही हाती न लागणाऱ्या कणांनी जाताना ठेवलेली खूण!

एका संध्याकाळी आबा कर्लीच्या खाडीकडे पाठ करून जाळं सांधत बसले होते. मागून एक बोट गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. तिची लाट काठाला लागली ती बऱ्याच वेळाने. दोन-तीन चापट्या ऐकून, मान न वळवता ते म्हणाले, "ट्रॉलर गेलो." मी पाहिलं होतं, ट्रॉलरच होता. तेव्हा त्यांना म्हटलं, आबा, हेच ते. अर्थात दाखला पुरता बसत नाही. बोट पाणी ढकलते, न्यूट्रिनोंनी लाट ओढली. पण गेलेल्याची जात लाटेवरून ओळखायची, हे तेच.

संख्या कशी निघते? जाती जास्त असत्या तर आरंभीचं विश्व जास्त वेगाने फुगलं असतं, आणि त्या हिशेबात बारीक लाटा आजच्यापेक्षा जास्त पुसट झालेल्या दिसल्या असत्या. प्लँकच्या २०१८ च्या निकालांत आकडा आला २.९९, चूकभूल ०.१७. चौथ्या हलक्या जातीला जागा नाही.

जिनिव्हाजवळ सर्न या कणसंशोधन केंद्राच्या २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यातही १९८९ मध्ये तीनच उत्तर आलं होतं. तिथेही न्यूट्रिनो कुणी जाळ्यात पकडून मोजले नव्हते. झेड नावाचा जड कण मोडायला जितक्या वाटा, तितका तो अल्पायुषी, आणि न्यूट्रिनोची प्रत्येक जात ही त्यातली एक वाट; त्याच्या आयुष्यावरून वाटा मोजल्या. एक मोजणी बोगद्यात केली, दुसरी विश्वाच्या पहिल्या उजेडावरून, आणि दोघांत काही साटंलोटं शक्य नाही. आपले जयंत नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांतावर अखेरपर्यंत शंका घेत राहिले. त्यांच्याशी या बाबतीत मी सहमत नाही, पण त्यांच्यामुळेच एका रस्त्याने आलेल्या उत्तरावर मी समाधान मानत नाही.

वजनाचं कोडं मात्र अजून उलगडलेलं नाही. न्यूट्रिनो एका जातीतून दुसऱ्या जातीत बदलतात, हे जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगातून १९९८ मध्ये कळलं, आणि वजन असल्याशिवाय असं बदलता येत नाही. तिन्हींचं मिळून वस्तुमान किमान ०.०६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं फार लहान एकक) तरी हवं, असं या बदलण्याच्या प्रयोगांवरून निघतं. प्लँक आणि दीर्घिकांचे नकाशे एकत्र केले तर ते ०.१२ पेक्षा कमी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या चाळीस लाखाव्या भागाहूनही हलकं. अलीकडे डेसी प्रकल्पाचे दीर्घिकांचे नवे नकाशे जुन्या उजेडाशी जोडले तेव्हा ही वरची मर्यादा आणखी खाली, थेट ०.०६ च्या जवळ आली. ती त्याच्याही खाली गेली, तर आकाश आणि प्रयोगशाळा यांचं जमणार नाही.

हे सांगितलं तेव्हा आबांनी जाळ्यातली सुई थांबवली. "मगे चुकलो कोण?"

मी म्हटलं, माझा संशय आकाशाच्या हिशेबावर आहे. त्यात विश्व कसं फुगत आलं हे आपण धरून चालतो, आणि न्यूट्रिनोचं वजन त्याच्या आधाराने काढतो. आबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मगे तोच हिशेब परत मांडा."