तुम्ही विचारलंत म्हणून: कोडं निघालं की मी चहा टाकायला का उठतो

एकदाच लिहून टाकतो, म्हणजे दर रविवारी आपण कोडी सोडवायला जमलो की कुणीतरी नवीन माणूस "अरे तू तर यातला किडा होतास ना, मग कोडं काढलं की किचनमध्ये का पळतोस" असं विचारणार नाही. तुम्हाला वाटतं मला आता सुटत नाहीत. सुटतात. गेल्या रविवारचं ते इमोजीवालं गाणं मला दूध वर यायच्या आत सुटलं होतं. (बघा, लगेच फुशारकी.)

तर तो कागद. तुम्हाला ऐकून माहितीये, पण अर्धवट. मैत्रिणीच्या सदाशिव पेठेतल्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट निघालं आणि माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या वडिलांचा एक ट्रेसिंग पेपर सापडला. काका ड्राफ्ट्समन, जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. चार ओळी, शब्दांच्या जागी चित्रं, मधेमधे अक्षरं. तिने रविवारी सगळ्यांना घरीच बोलावलं. आमच्यातला संस्कृतवाला लगेच सुरू, की खरं चित्रकाव्य म्हणजे संस्कृत कवी माघाचं, त्याच्या शिशुपालवध या महाकाव्याच्या 19व्या सर्गात चक्राच्या आकारात श्लोक बसवलाय आणि त्या चक्रात कवीचं नाव लपवलंय, हे तुमचं पोरखेळ आहे. आणि तसंही मम्मट या जुन्या काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाश ग्रंथात चित्रकाव्याला अवर म्हटलंय, खालच्या दर्जाचं, कारण त्यात व्यंग्य नसतं, आत दडलेला दुसरा अर्थ नसतो. बरं, म्हटलं, तू पोहे खा.

पहिलं चित्र मिटलेली मूठ, पुढे 'एच्या'. आम्ही हात, ताकद, एकी असलं काय काय लावत बसलो. मग पेटलं, मूठ अधिक एच्या, मुठेच्या! नदी! पुढे धनुष्याचा तीर, मग 'आ', मग मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, म्हणजे वर. मुठेच्या तीरावर. नवरदेवाचं नाक हुबेहूब काकांचं, त्यावर मैत्रीण हसली सुद्धा. दुसऱ्या ओळीत घर, 'सोडलं', मग टेबलफॅन आणि त्याखाली बारीक 'ऱ्या', परत तोच नवरदेव. फॅनला वारा वाचायला आम्हाला वीस मिनिटं लागली. घर सोडलं वाऱ्यावर. इथे आमचा बँकवाला उठून उभाच राहिला, की हे पुराचं आहे, 12 जुलै 1961, पानशेत फुटलं तेव्हाचं. पुण्यात जुन्या कागदावर मुठा दिसली की माणूस पानशेतला पोचतोच, त्याचा दोष नाही. पण तो इतका खात्रीने बोलायला लागला की माझं डोकं फिरलं, आणि आमची जी शर्यत लागली ती तिथे लागली.

तिसरी ओळ: 'सगळं तुझ्या', मग 1 आकडा, मग कपबशी, मग नवरदेव. एक चहा वर? एका कपावर? संस्कृतवाला, ज्याला पोरखेळ वाटत होता, तोच म्हणाला, "टी रे, टी! एक-टी-वर." सगळं तुझ्या एकटीवर. काय हसलो आम्ही. काका असला फाजीलपणा करत असतील असं त्यांच्याकडे बघून कधी वाटलं नव्हतं.

आणि आता ते. चौथ्या ओळीत फक्त दोन बटणं, भिंतीवरची, विजेची, आणि दुसऱ्यापुढे 'ली नाही'. बँकवाला "बटण... स्विच... खटका..." करत होता. मला दिसलं. कळ. कळ कळली नाही. तीन चरणांना यमक, चौथा तोकडा, चक्क ओवी. मी टेबलावर थाप मारली आणि पूर्ण ओवी मोठ्याने, अगदी चालीवर म्हणून दाखवली,

मुठेच्या तीरावर
घर सोडलं वाऱ्यावर
सगळं तुझ्या एकटीवर
कळ कळली नाही

काकू मागे दिवाणावर मेथी निवडत होत्या.

कुणी काही बोललं नाही. काकूंनी हातातली काडी टाकली आणि म्हणाल्या, "परत म्हण." मी परत म्हटलं, या वेळेस बिनचालीचं, आणि म्हणता म्हणता माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना पुढे वाकावं लागलं. त्या उठून टेबलापाशी आल्या, कागद उचलून खिडकीकडे धरला, ट्रेसिंग पेपर तो, आरपार दिसतं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "पहिलं चालू आहे. दुसरं बंद." आणि मेथी घेऊन आत गेल्या.

आम्ही बघितलं तर खरंच, पहिल्या बटणाचा खटका खाली, दुसऱ्याचा वर. दोन तास डोकं लावून बसलेल्या चार जणांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. संस्कृतवाल्याने त्या दिवसानंतर मम्मटाचं नाव काढलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात तुझं काय चुकलं. मी पण वर्षभर हेच म्हणत होतो. कागद मी आणला नव्हता, तिनेच आणला, कोडं समोर ठेवलं म्हणजे सोडवायचंच ना? मी नसतो बोललो तर बँकवाला दोन मिनिटांत बोलला असता. मैत्रीण स्वतः म्हणते की आईपर्यंत ते पोचायलाच हवं होतं, कागदावर नाव नसलं तरी होतं तिच्यासाठीच. काका नदीकाठी कुणाबरोबर बसायचे, कसली कळ, ते तिलाही माहीत नाही आणि तिने विचारलेलं नाही.

पण जे कुणाला सांगितलं नाही ते हे, की मला 'बटण' वरून 'कळ' सुचलं तेव्हा आधी दुखण्याचीच कळ डोक्यात आली. म्हणजे ओवी काय म्हणते ते मला तोंड उघडायच्या आधी समजलं होतं, आणि काकू मागे आहेत हेही माहीत होतं, पाठीमागे मेथीचा वास येत होता. पण बँकवाल्याचं तोंड उघडत होतं. एवढंच. त्याच्या आधी मला म्हणायचं होतं.

त्या दिवशीच्या मला समोर बसवलं तर तो म्हणेल, मग काय, कागद घडी घालून गुपचूप काकूंच्या हातात द्यायचा होता? हो, किंवा नाही, मला खरंच माहीत नाही, कदाचित तेही अगोचरपणाच झाला असता.

परवा त्यांच्या नवीन फ्लॅटवर गेलो होतो. सगळीकडे पांढरे सपाट स्विच, चालू कुठला बंद कुठला पत्ता लागत नाही. काकूंनी विचारलं, "तुमची कोडी चालू आहेत का अजून?" मी म्हटलं, ते करतात, मी चहा करतो. म्हणाल्या, "मग कर की. साखर कमी घाल."