जाळी मारली, कडी लावली, तरी कोंबडी गेली कशी?

परसात आठ-दहा गावरान कोंबड्या पाळणारे हाच प्रश्न विचारतात. उत्तरात त्यांना एखाद्या जनावराचं नाव हवं असतं. नावाकडे येतोच, पण कोणती जाळी घ्यावी हे तुम्ही विचारलंत म्हणून आधी जाळीचं सांगतो.

दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळते ती षटकोनी भोकांची, पातळ तारेची. ती कोंबडीला आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी ओढून फाडतो, आणि तार गंजली की त्याला तेवढेही कष्ट नकोत. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली जाळी घ्या, तार १९ गेजची. नुसते यू खिळे ठोकून थांबू नका. जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून तिच्यातून स्क्रू मारा, नाहीतर जनावर जाळी तोडत बसत नाही, कड उचकटून आत येतं.

बसायचा दांडा जाळीपासून फूटभर आत हवा. कोंबडी जाळीला टेकून झोपली की रानमांजर बाहेरूनच नख्या घालून तिचा पाय किंवा पंख ओढतं. सकाळी खुराडं बंद, कडी जागेवर आणि आत अर्धी कोंबडी, असं दिसतं ते यामुळे.

कडीबद्दल. इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले, तिथला चोर रकून नावाचा प्राणी. त्याचे पुढचे पाय हातासारखे चालतात, साधी कडी तो सरकवून उघडतो. म्हणून ते लोक दुहेरी कुलुपांबद्दल एवढं बोलतात. आपल्याकडे रकून नाही. आपल्याकडची जनावरं कडीच्या वाटेला जात नाहीत, दाराचा कोपरा शोधतात. एकच कडी मधोमध असेल तर दाराचा खालचा कोपरा बोटाने ओढून बघा. दोन बोटं सहज आत गेली तर तिथे मुंगूस डोकं घालून बघणार, आणि डोकं गेलं की अंग जातं. कड्या दोन लावा, एक वर, एक खाली. चौकटीला आतून पट्टी मारा, म्हणजे दार तिच्यावर दाबून बसेल. लाकूड पावसात फुगतं तेव्हा दार घट्ट वाटतं, दिवाळीनंतर सुकलं की फट उघडते. त्यामुळे ही तपासणी वर्षातून दोनदा.

तळाला खोल चर खणायची गरज नाही, जांभ्या दगडात तर ते जमतही नाही. दोन फूट रुंदीची जाळी काटकोनात वाकवा: सहा इंच भिंतीला वर, दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी. वर दगड ठेवा, माती ओढा, गवत वाढू द्या. उकरणारं जनावर अगदी भिंतीलगत सुरुवात करतं. तिथे जाळी लागली की दीड फूट मागे सरकून उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही.

आता जनावराचं नाव. दिवसाढवळ्या एकच पिल्लू नाहीसं, आवाज नाही, पीस नाही: बहुधा घार किंवा शिक्रा, कधी कावळा. आवारभर पिसं आणि न खाल्लेल्या चार-पाच कोंबड्या: कुत्रे. मानेवर, डोक्याजवळ चावे: मुंगूस, पण रात्रीचा प्रकार असेल तर उदमांजर किंवा रानमांजर. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही नाही: सापाचा संशय घ्या. कोपऱ्यात मातीचा ढीग आणि मोठं बीळ: घूस. ‘मुंगसाने रक्त प्यालं’ असं सर्रास म्हणतात. तो मान फोडतो आणि गडबडीत बाकीचं टाकून पळतो एवढंच.

वेळ बघणं महत्त्वाचं, कारण मुंगूस दिवसाचा प्राणी आहे. रात्री कितीही बंदोबस्त केलात तरी दुपारी दोन वाजता बांधावरून येणाऱ्या मुंगसाला त्याचं काही नाही. खुराड्याभोवतीची दहा फूट जागा झुडपं काढून मोकळी ठेवा; उघड्यावरून यायला तो बिचकतो. कोंबड्याची हाक ओळखायला शिका. जमिनीवरचं जनावर दिसलं तर तो थांबून थांबून कटकटाट करत राहतो, आकाशातलं दिसलं तर एकच लांब किंकाळी आणि सगळ्या कोंबड्या झुडपाखाली. म्हणून दहा फुटांपलीकडे एखादं झुडूप राहू द्या.

पिल्लं पहिले सहा आठवडे खुडूक (अंडी उबवणाऱ्या) कोंबडीबरोबर डालग्याखाली, म्हणजे विणलेल्या टोपलीखाली, वर दगड. पण हे दिवसापुरतं. डालग्याच्या विणीतून साप सहज जातो. मासेमारीचं जुनं जाळं घारीसाठी आवारावर ताणायला उत्तम, मात्र त्याची कड जमिनीवर लोळू देऊ नका. त्यात साप अडकून मरतात, आणि अडकलेला नाग सोडवणं हे तुमचं काम नाही, सर्पमित्राला बोलवा.

अंडी संध्याकाळी उचला. दिवे लागायच्या आत कोंबड्या मोजून दार लावा. एक कमी असेल तर ती बहुतेक झाडावर बसलेली असते. सांडलेलं खाद्य झाडून घ्या. त्याला उंदीर येतात, आणि उंदरांमागे धामण, नाग.

विष मात्र घालू नका. विषाने मेलेला उंदीर कोंबडीच टोचून खाते. शिवाय मुंगूस, रानमांजर, उदमांजर, नाग, धामण या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे फासकीही नको.