मागे राहिलेल्या डोसांची यादी

कोरोनाच्या टाळेबंदीत मुलांचे डोस मागे राहिले, पण लस संपली म्हणून नव्हे, हे आधी सांगते. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसी ठेवायच्या फ्रीजमध्ये, पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ, गोवर-रुबेला सगळं २ ते ८ अंशांत व्यवस्थित होतं. २५ मार्च २०२० नंतर थांबली ती गावोगावची लसीकरण सत्रं. मी उपकेंद्राची आरोग्यसेविका. मी, आशाताई, अंगणवाडीताई, सगळ्या जणी घरोघर ताप-खोकला विचारत आणि बाहेरून आलेल्यांची नावं लिहून घेत फिरत होतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळांना बीसीजी (क्षयावरची लस), पोलिओचा झिरो, म्हणजे जन्मताच द्यायचा, डोस आणि कावीळ-ब मिळत राहिलं. अडकली ती दीड महिन्याच्या पुढची पोरं.

सत्रं पुन्हा घ्या असा आदेश निघाला, पण आदेशाने सत्र भरत नाही. आधी ड्यू लिस्ट, म्हणजे कुणाचा कुठला डोस द्यायचा आहे त्याची यादी, करावी लागते. एरवी तिच्यात त्या महिन्याची मुलं असतात. आता कुणाचा दुसरा पेंटा, कुणाचा तिसरा, कुणाचा नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला, कुणाचा दीड वर्षाचा बूस्टर, सगळं एकात एक साचलेलं. माझं रजिस्टर आणि आशाताईंची डायरी शेजारी ठेवून ओळीओळीने जुळवत बसलो. जुळत नव्हतंच. एक बाई बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडेच अडकली, बाळाचं कार्ड इथे घरी. दुसरीचं नेमकं उलट.

यादीत आम्ही लाल पेनाने वेगळी केली ती वर्षाच्या जवळ आलेली बाळं. बीसीजी वर्षापर्यंतच देता येते, रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस) आणि पेंटाची सुरुवातही वर्षाच्या आत व्हावी लागते. बाकीच्यांना आठवडा इकडेतिकडे चालतो, यांना चालत नाही. त्यांच्यानंतर गोवर-रुबेलावाली. गोवर इतका पसरतो की शंभरातल्या ९५ मुलांना लस असेल तरच तो आटोक्यात राहतो.

आया एकच विचारायच्या, “सिस्टर, सगळं पहिल्यापासून परत टोचायचं का?” नाही. जिथे थांबलं तिथून पुढे, दोन पेंटांत किमान चार आठवडे ठेवून. हे मी इतक्या वेळा सांगितलं की आशाताई माझ्या आधीच उत्तर द्यायला लागल्या.

खरी ओढाताण कुपीची. गोवर-रुबेला आणि बीसीजीची पावडर डायल्युएंटमध्ये, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या द्रवात, मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणजे कुपी फोडायची तर मुलं जमली पाहिजेत, आणि मुलं जमली की गर्दी. पेंटाचं तसं नाही. उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. म्हणून पेंटाची मुलं पांगवून बोलावली आणि गोवर-रुबेलावाल्यांना एकाच सकाळी, फोनवर वेळ देऊन. टोचल्यावर अर्धा तास बसायला शाळेचा व्हरांडा मिळाला. तरी एकच मूल आलं तर? मी कुपी फोडायचे. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब कागदावर देता येतो. परत पाठवलेली आई पुढच्या वेळी येईलच असं नसतं.

सगळ्यात जड गेला तो ताप. पेंटानंतर एखादा दिवस अंग तापणं नेहमीचंच, एरवी कुणी मनावर घेत नाही. पण त्या दिवसांत घरात ताप निघाला की चौकशी, तपासणी, दारावर कागद. एका आजीने मला उंबऱ्यावरच थांबवलं, “तुम्ही सुई टोचून जाल, आणि मग तुमचेच लोक आमचं घर बंद करतील.” तिला चूक कसं म्हणायचं? ताप मोजायला आम्हीच जात होतो ना! मग टोचलेल्या मुलांची नावं त्याच दिवशी सर्वेक्षणाच्या वहीत लिहायला लागलो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी दचकायला नको. पॅरासिटामॉल किती, कधी द्यायचं ते सांगायचं, ताप उतरला नाही किंवा मूल पीत नसलं तर मला फोन. सत्राला येणारे वाढले ते मला वाटतं एवढ्यानेच. भित्तीपत्रकांनी नव्हे.

यादीतली मुलं मात्र सोपीच म्हणायची. नाव माहीत, घर माहीत. अवघड होती ती कुठल्याच यादीत नसलेली: त्या काळात घरीच जन्मलेली, वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांतली. भारतात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा (पेंटात ती असतेच) तिसरा डोस पूर्ण झालेल्या मुलांचं प्रमाण २०१९ मध्ये ९१ टक्के होतं, ते २०२० मध्ये ८५ वर आलं. हा आकडा मी नंतर वाचला. वाचताना डोळ्यांसमोर भट्टीवरची पोरं आली, कारण त्यांना तोवर एकही डोस नव्हता. फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये इंटेन्सिफाइड मिशन इंद्रधनुष ३.० ही सरकारी लसीकरण मोहीम झाली ती अशाच सुटलेल्यांसाठी. तेव्हा आम्ही रजिस्टर बाजूला ठेवून घरातली डोकी मोजत गेलो.

तिथे कार्ड कुठून असणार? डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण बघायचा, आईला विचारायचं. “पायात टोचलं होतं की हातात? तोंडात थेंब घातले का?” एवढ्यावर बरंच कळतं. नाहीच कळलं तर दिलेलं नाही असं धरायचं. गोवर-रुबेलाचा एक डोस जास्त झाला तर बिघडत नाही, राहिला तर बिघडतं.

२०२२ च्या शेवटी मुंबई, मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली आणि पुन्हा याद्या काढा म्हणून निरोप आला. तेव्हा काम लवकर उरकलं, कारण २०२१ पासून मी प्रत्येक कार्डाचा फोटो आईच्या आणि आशाताईंच्या, दोघींच्याही मोबाईलमध्ये ठेवायला लावत होते. भट्टीवरचं एक कुटुंब तोवर दुसऱ्या तालुक्यात गेलं होतं. तिथल्या सिस्टरचा फोन आला, मी फोटो पाठवला, आणि पोराचा दुसरा गोवर-रुबेला त्यांनी तिकडेच दिला.