पुस्तकमा काय शे?

एप्रिल संपता संपता आमच्या घरी वर्षभराच्या गव्हाची पोती येऊन पडतात. सकाळच्या बिबड्या गच्चीवर वाळत असतात, आणि दुपारी दोन ते पाच, अमळनेरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही अशा वेळी, आई कूलरसमोर परात घेऊन गहू निवडायला बसते. मी शेजारी पुस्तक घेऊन लोळतो. घरातल्या कुणालाच हे काम वाटत नाही, म्हणून मी ते मुद्दाम कपाळाला आठ्या घालून करतो.

२०२४च्या फेब्रुवारीत आमच्याकडे ९७वं साहित्य संमेलन झालं. १९५२ नंतर ते गावात पुन्हा आलं, त्यामुळे सगळं गाव तिकडे लोटलं होतं. भाषणं मी थोडी ऐकली, पुस्तकांचे गाळे मात्र सगळे पालथे घातले. त्या खरेदीतलं जाडजूड 'पर्व' उन्हाळ्यात उघडलं.

"काय वाची राहिना रे भाऊ?"

कादंबरी आहे, मूळ कानडी, असं सांगितलं.

"तुले कानडी येस?"

मराठीत आणलेली आहे म्हटल्यावर तिने परात जरा माझ्याकडे सरकवली. म्हणजे वाच. मी वाचू लागलो. मद्र देशाचा म्हातारा राजा शल्य, घरात लग्नाची नात, तिच्या लग्नाचा घोर. अर्ध्या पानातच आईचा हात थांबला. "हाई पुस्तकनं वाचू नको. पुस्तकमा काय शे ते सांग."

मग सांगायला लागलो, अर्थात अहिराणीत. दहा मिनिटांनी तिचा शेरा आला, "राजाले बी नातना लगीननी काळजी शे का!" शल्याला आमच्या घरात त्या क्षणी जागा मिळाली. पुढे आठवडाभर तो आमच्या नात्यातलाच कुणी असल्यासारखी त्याची चौकशी होत राहिली.

गंमत अशी की 'पर्व' मराठीत आलं तेही कानावाटेच. 'पर्व'चे लेखक भैरप्पा, त्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी मूळ पुस्तक स्वतः वाचून अनुवाद करत नसत. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड मोठ्याने वाचून दाखवायचे आणि त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. म्हणजे कानडीतून पुण्यातल्या एका घरात, तिथून छापखान्यात, तिथून संमेलनाच्या मांडवात, माझ्याकडे, आणि शेवटी गव्हाच्या परातीपाशी. या सगळ्या वाटेत छापील पान तेवढं अधल्यामधल्या धर्मशाळेसारखं.

लोक विचारतात, अनुवादित वाचताना मूळची मजा जात नाही का? जात असेल. पण मला हा प्रश्न कधी नीट टोचलाच नाही, आणि त्याचं कारण आईच्या परातीपाशी बसल्यावर कळलं. पहिलीत असताना मी "माले पानी पेवानं शे" म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. गुरुजीसुद्धा. त्या दिवसापासून 'मला पाणी प्यायचं आहे' हे माझं पहिलं भाषांतर. शाळेच्या पुस्तकातली मराठी ही आमच्यासाठी दुसऱ्या गावाहून आलेली भाषा होती. चांगली, इस्त्री केलेली, पण पाहुणी. त्यामुळे पुणेरी कादंबरी काय, बंगाली काय, दोन्ही मी सारख्याच अदबीने वाचल्या. तळटीपेत 'हा एक खाद्यपदार्थ आहे' असं लिहिलेलं दिसलं की मात्र हसू येतं. आमच्या कळण्याच्या भाकरीलासुद्धा पुण्या-मुंबईत तळटीप लागेल.

तळटिपांवरून आठवलं. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प'ला २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. दीपा भास्ती यांनी इंग्रजी करताना कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच ठेवले. ना तिरकी अक्षरं, ना तळटिपा. हे मला फार पटलं. ते पुस्तक माझ्याकडे इंग्रजीतच होतं, तेव्हा परातीपाशी ते थेट अहिराणीत सांगायची वेळ आली. भीत भीत सुरुवात केली आणि चकित झालो. मराठीवरून सांगताना छापील शब्द जिभेला चिकटतात. 'परंतु' म्हणून जातो आणि आई भुवई उंचावते. इंग्रजीचं तसं काही चिकटतच नाही. गोष्ट तेवढी उरते आणि ती आपोआप घरच्या बोलीत बाहेर पडते. नवऱ्यांच्या, सासरच्या, पोराबाळांच्या त्या गोष्टी ऐकून आईचा निकाल एकच, "हाई ते आपला गावनी गोट शे."

एक तक्रार आहे. आमच्या बोलीतलं 'शे' आणि 'मा' गुजरातीच्या 'छे' आणि 'मां'चे सख्खे शेजारी. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एका बाकड्यावर बसून दोन राज्यांत पाय सोडता येतात. एवढं जवळ असून आजच्या गुजराती कथा माझ्यापर्यंत आल्याच तर इंग्रजीतून येतात. शेजारच्या घरून वाटीभर साखर आणायला विमानाने जावं, तसं. साने गुरुजींना आंतरभारतीची, म्हणजे भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं ही, कल्पना सुचली ती त्रिचनापल्लीच्या तुरुंगात, दक्षिणेतल्या कैद्यांच्या सोबतीत. त्याआधी ते इथेच, आमच्या गावच्या शाळेत शिकवत होते. नवापूरच्या बाकड्यावर ती सुचली असती तर भाडं तरी वाचलं असतं.

या उन्हाळ्यात गीतांजली श्रींची 'रेत समाधि' घेतली. मूळ हिंदीतच, हिंदीचं आम्हाला काही वाटत नाही, बऱ्हाणपूर काय लांब आहे? नवरा गेल्यावर ऐंशी वर्षांची एक म्हातारी घरच्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहते. मी एवढं सांगून थांबलो, कारण वाक्यं त्या कादंबरीत गिरणेच्या पुरासारखी येतात आणि सांगताना कुठे बांध घालावा कळत नाही. आई काही बोलली नाही. आप्पांना जाऊन आता सहा वर्षं झाली. बराच वेळ परातीत फक्त गव्हाचा सरसर आवाज.

"उठनी का मंग ती?"

उठली, म्हटलं. लेकीला घेऊन पार पाकिस्तानात गेली.

आईने एक खडा वेचला, उजेडात धरून पाहिला, बाजूला टाकला.

"तिकीट कोनी काढं?"

मी पानं मागे उलटत बसलो.