घरचा स्पायरोमीटर, अपडेट ३: आकडा कमी का येत होता

स्पायरोमीटर म्हणजे छाती भरून घेतलेल्या एका श्वासात किती हवा बाहेर फुंकता येते ते मोजायचं साधन, मी ते घरीच बनवलंय. सेटअप आधीचाच आहे, ५ लिटरचा कॅन पाण्याने काठोकाठ भरून टबात उपडा, नळीचं टोक खालून त्याच्या तोंडाशी, छाती भरून श्वास घ्यायचा, नाक दाबायचं आणि फुंकत राहायचं. एक चूक आधीच कबूल करतो, पहिल्यांदा खुणा पट्टीने समान अंतरावर आखल्या होत्या पण कॅनला मुठीची खाच असते हे डोक्यातच आलं नाही, मग सगळं पुसून अर्धा अर्धा लिटर पाणी ओतत परत खुणा केल्या, खाचेजवळ दोन खुणांमधलं अंतर चक्क वेगळं आलं.

तरी रीडिंग ३.३ लिटरच्या वर जाईना. कारण नळी. बारीक नळीतून शेवटी शेवटी गाल फुगतात, डोळे बाहेर येतात आणि हवा मात्र आतच राहते. जाड नळी लावली, टोक पाण्यात जेमतेम बुडेल एवढंच ठेवलं, सरळ ३.६! शिवाय वाचताना कॅन वरखाली करून आतलं बाहेरचं पाणी एका लेव्हलला आणा, नाहीतर आतली हवा जरा पसरलेली असते.

आता गंमत, ३.६ पण खरा नाहीच. छातीतली हवा ३७ डिग्रीला आणि ओलीचिंब, पाण्यात आली की थंड होऊन आकसते. २५ डिग्रीला १.०७५ ने गुणायचं, म्हणजे ३.८७ लिटर. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये हेच काम पाण्यातल्या तरंगत्या भांड्याने दोन हजारांवर लोकांवर केलं आणि एका दमात हवा फुंकायची ही क्षमता उंचीप्रमाणे वाढते हे दाखवलं, त्यामुळे माझी उंची बघता आकडा ठीकच म्हणायचा.

साध्या श्वासाचं मोजमाप जास्त छळतंय. नाकाने घ्यायचा, नळीत सोडायचा, ५ वेळा, मग भागिले ५. खुणांकडे बघत केलं तर ६८० मिली, पाठ करून बसलो आणि भावाला वाचायला लावलं तर ५४०! पुस्तकात साधारण ५०० असतं. लक्ष गेलं की श्वास मोठा होतोच.

आणि कितीही फुंकलं तरी लिटरभर हवा आत उरते, ती या कॅनने मोजता येणार नाही, त्याला हेलियम वगैरे लागतं, तो नाद सोडलाय. सलग तीनपेक्षा जास्त वेळा फुंकू नका, मला चौथ्याला गरगरलं. पुढच्या वेळी झोपून मोजतो, कमी यायला हवं.