चौदातला एक खडा

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, हिऱ्याच्या काउंटरला बसणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ गिऱ्हाइकांचे मोबाईल बघण्यात जातो. २०२३च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला लॅबमध्ये तयार झालेला साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला, तेव्हापासून तर सगळ्यांना सगळंच माहीत असतं. कोणी ऑनलाइन मागवलेलं टेस्टरचं पेन खिशातून काढतो, खड्याला टेकवतो आणि ते वाजलं की जिंकल्यासारखा बघतो. ते पेन खड्यातून उष्णता किती झटकन जाते एवढंच ओळखतं. लॅबमधला हिराही खाणीतल्यासारखा शुद्ध कार्बनच, त्यामुळे दोन्हींना वाजणार. स्वस्तातलं पेन तर मॉयसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच खड्यालाही वाजतं. हे समजावून सांगितलं की चोर आम्हीच.

त्या दिवशी एक आज्जी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नाती असा सगळा गोतावळा आला. आज्जींनी बटव्यातून कागदाची पुडी काढली. आत सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या, त्यांच्या लग्नातल्या. "दोघी नाती मला सारख्याच. थोरलीला या, आन् धाकटीला हुबेहूब अशाच नवीन करून द्या."

मुलाचं म्हणणं, हिरा घ्यायचा तर खाणीतलाच, पैशाचं मी बघतो. सूनबाईंचं म्हणणं, लॅबमधला घेऊ आणि उरलेल्या पैशात साजाला हात घालू. माझ्या शेजारच्या काउंटरचा पोरगा मध्येच तोंड घालून त्या मुलाला म्हणाला, "काका, नॅचरल म्हणजे इन्व्हेस्टमेंट." हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. हिऱ्याला सोन्यासारखा रोजचा भाव पेपरात येत नाही. नैसर्गिक खडा मोडायला आणला तरी प्रत्येक दुकान आपापल्या नियमानं कापतं. लॅबचा तर बरीच दुकानं परतच घेत नाहीत. डी बिअर्स या खाणीतल्या हिऱ्यांच्या बड्या कंपनीनं २०१८ साली लॅबच्या हिऱ्यांचा स्वतःचा ब्रँड काढला होता, ८०० डॉलरला कॅरेट; २०२५ मध्ये तो गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, इतका भाव कोसळला. मी सरळ सांगते: घालायला घ्या, आवडतो म्हणून घ्या, पण विकून नफा होईल म्हणून यातलं काहीच घेऊ नका. मालकांना हे माझं बोलणं पटत नाही.

दहा सेंटच्या, म्हणजे कॅरेटच्या दहाव्या हिश्शाच्या, आसपासचे चौदा खडे. नैसर्गिकमध्ये रंगाला रंग लागणारे चौदा निवडायचे म्हणजे पाकिटंच्या पाकिटं उलथी करायची. लॅबमध्ये ते सोपं, आणि खड्यांची किंमत पाचव्या-दहाव्या हिश्शात. घडणावळ आणि बसवणी मात्र दोन्हींना तीच, कारागिराची नजर आणि बोटं तेवढीच झिजतात. "हॉलमार्क दोन्हीला असतो ना?" असं काकांनी विचारलं. असतो, पण तो सोन्याचा. वर बसवलेल्या खड्याबद्दल हॉलमार्क एक अक्षर बोलत नाही, हे दहातल्या नऊ लोकांना नवीन असतं.

आज्जींना हिरा कारखान्यात होतो कसा हेच कळेना. सांगितलं, हिऱ्याचीच पातळ चकती बी म्हणून ठेवतात, बंद भट्टीत मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हनं वायू तापवतात आणि काही आठवड्यांत चकतीवर हिऱ्याचे थर चढतात. आज्जी म्हणाल्या, "म्हंजे हायब्रीड म्हणा की. हायब्रीड जोंधळा काय खोटा असतोय व्हय?" सूनबाई खूश.

माप घ्यायला कुड्या लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, धरल्या. जुन्या घासणीचे खडे बघायला मला फार आवडतं. टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, लहान, माथा उंच, पैलू हातानं पाडलेले म्हणून थोडे वेडेवाकडे. तळाचं टोक सपाट घासलेलं असतं, त्यामुळे वरून बघितलं की खड्याच्या मधोमध बारीक भोक असल्यासारखा ठिपका दिसतो. रंगाला किंचित पिवळसर झाक. एकेक खडा बघत डाव्या कुडीच्या मधल्या खड्यावर आले. ठिपका नाही. टोक सुईसारखं, पैलू आरशासारखे सरळ, आणि पांढरी चमक. "हा बदललाय का?" विचारलं, तर काका कौतुकानं म्हणाले, "मागं पडला होता. दुरुस्तीला दिला, तेव्हा बघा कसला उजळला. आईला तोच सगळ्यात आवडतो."

कुड्या तपासणीच्या मशीनमध्ये ठेवल्या. आमच्या मशीनचा स्क्रीन गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहे, विश्वास बसावा म्हणून. तेरा खडे निळे उजळले आणि मधल्याभोवती लाल वर्तुळ आलं. 'रेफर', म्हणजे पुढच्या तपासणीला पाठवा. लॅबचाच असं नव्हे. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन असतो, मशीन त्याचीच खूण शोधतं. नायट्रोजन नसलेले नैसर्गिक हिरेही असतात, शंभरात एखाद-दुसरा, तेही मशीन बाजूला काढतं. हे मी सांगेपर्यंत काकांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. खडा काढून मुंबईच्या तपासणी लॅबला पाठवला. उत्तर आलं: सीव्हीडी, म्हणजे आज्जींना सांगितलेल्या त्याच वायूच्या पद्धतीनं लॅबमध्ये वाढवलेला.

दुरुस्तीची पावती त्यांनी शोधून आणली. 'हिरा १ नग, बसवणीसह.' ना नैसर्गिक, ना लॅब. यावर कोणाला जाब विचारणार? आणि त्या दुकानदाराला तरी माहीत होतं का? बारीक खडे पाकिटानं येतात, सुरतेहून दोन-तीन हात फिरून. त्यात लॅबचे मिसळलेले असले तर नुसत्या लूपनं ओळखणं अशक्य. माझ्या डोक्यात हेच फिरतंय. मशीन येण्याआधी आमच्याही काउंटरवरून पाकिटातले बारीक खडे गेलेच की. मालकांजवळ विषय काढला तर म्हणाले, "झाकली मूठ ठेव."

काकांना तो खडा लगेच बदलायचा होता. तोपर्यंत त्याचं कौतुक करणारेही तेच. आज्जींनी ऐकलं नाही. "बसलाय तसा बसवा. खरं कागदावर ल्ह्या." धाकटीच्या कुड्या लॅबच्या खड्यांच्या ठरल्या, बिलावर तसं स्वच्छ लिहून, आणि उरलेले पैसे साजाला. थोरलीनं जुन्या घेताना आज्जींनी त्यांचाही कागद मागितला: तेरा नैसर्गिक, एक लॅबचा. विक्री आपली नाही म्हणून मालक लेटरहेडवर शिक्का मारेनात. मी साध्या कागदावर लिहून खाली सही केली.

गेल्या आठवड्यात आज्जींच्या गल्लीतल्या बायका आपापल्या कुड्या घेऊन दुकानात हजर. मालकांनी आता तपासणीला दोनशे रुपये लावलेत, आणि कागदाचे वेगळे.